पुण्यभूमी कुणाची? वसईचा एक धर्मगुरू ख्रिस्तभूमीत

१.
बेथलेहेमच्या ख्रिस्तजन्म मंदिराचे दार जेमतेम सव्वा मीटर उंच आहे. राजा असो वा भिकारी, आत जाणाऱ्याला कंबरेत वाकावेच लागते. त्याला ‘नम्रतेचे दार’ म्हणतात. आज वसईच्या गावागावांतून यात्रेकरूंचे गट या दाराशी येतात. नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनीही ही भूमी पाहिली आणि तिच्यावर मराठीत एक ग्रंथ लिहिला. त्या प्रवासामागे शंभर वर्षांचा एक वाद आणि दोन हजार वर्षांची एक परंपरा उभी आहे. त्या दोहोंचा हा धागा.

२.
आधी वाद. १९२३ साली ‘एक मराठा’ या टोपणनावाने विनायक दामोदर सावरकरांचा हिंदुत्वावरील इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. हिंदू कोण, हे ठरवण्यासाठी त्यांनी दोन निकष मांडले : ही भूमी ज्याची पितृभूमी आहे आणि पुण्यभूमीही आहे, तो हिंदू. या देशातील ख्रिस्ती आणि मुसलमान यांची पितृभूमी हीच आहे, हे त्यांनी मान्य केले. मात्र त्यांची पुण्यभूमी दूर अरबस्तानात किंवा पॅलेस्टाईनमध्ये आहे, म्हणून त्यांची निष्ठा विभागलेली राहते, असा त्यांचा युक्तिवाद होता.

३.
हा युक्तिवाद मान्य असो वा नसो, त्यातला प्रश्न खरा आहे. ज्या माणसाचे शेत, घर, बोली आणि पूर्वजांच्या कबरी वसईत आहेत, त्याला जेरुसलेम कोण लागते? तेथे पाऊल ठेवल्यावर त्याला आपण ‘घरी’ आलो असे वाटते की पाहुणे म्हणून आलो असे? या प्रश्नाचे उत्तर व्याख्येत सापडत नाही. ते इतिहासात आणि प्रत्यक्ष यात्रेत शोधावे लागते. म्हणून प्रथम वसईकडे पाहू.

४.
उत्तरेस वैतरणा, दक्षिणेस उल्हास खाडी आणि पश्चिमेस अरबी समुद्र. या पट्ट्यात सामवेदी, वाडवळ, कोळी आणि ईस्ट इंडियन ख्रिस्ती शतकानुशतके राहत आले आहेत. सामवेदी ख्रिस्तींना ‘कुपारी’ म्हणतात, त्यांची बोली कादोडी. केळीच्या बागा, पानवेली, फुलशेती, विहिरीवरचा रहाट आणि गावागावांतली बावखले ही या संस्कृतीची ओळख. याच भूमीत निर्मळचे शंकराचार्यांचे समाधिस्थान आहे, आणि त्याच गावात होली क्रॉसचे चर्चही.

५.
बायबलच्या भूमीशी या किनाऱ्याचा संबंध पोर्तुगिजांच्याही आधीचा असावा, असे एकोणिसाव्या शतकातील काही अभ्यासकांना वाटत होते. राजा शलमोनाची जहाजे ‘ओफीर’ नावाच्या देशातून सोने, रत्ने आणि सुगंधी लाकूड आणत, असा बायबलमध्ये उल्लेख आहे. जुन्या ग्रीक भाषांतरात या नावाचे रूप ‘सोफीर’ असे आढळते. त्यावरून ओफीर म्हणजे आपले सोपारा, असा तर्क निघाला. तो सिद्ध झालेला नाही, आणि ओफीरचे दावेदार अरबस्तानापासून आफ्रिकेपर्यंत आहेत. तरीही सोपारा हे प्राचीन जगाला ठाऊक असलेले बंदर होते, याविषयी वाद नाही. १८८२ साली भगवानलाल इंद्रजी यांनी तेथे बौद्ध स्तूप उत्खनित केला आणि अशोकाच्या शिलालेखाचा तुकडाही मिळवला.

६.
पक्का पुरावा १३२१ सालचा आहे. त्या वर्षी ठाण्यात चार फ्रान्सिस्कन संन्यासी मारले गेले. त्यांचा सोबती जॉर्डानस हा डोमिनिकन संन्यासी बचावला, आणि त्याने त्यांचे देह सोपाऱ्यात आणून पुरले. पुढे ओडोरिक नावाच्या फ्रान्सिस्कन प्रवाशाने त्या अस्थी आपल्याबरोबर चीनपर्यंत नेल्या. म्हणजे वास्को द गामा भारतात येण्याच्या पावणेदोनशे वर्षे आधी सोपाऱ्याची माती ख्रिस्ती कबरींना परिचित होती.

७.
डिसेंबर १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने तहाने वसई पोर्तुगिजांना दिली. पाठोपाठ फ्रान्सिस्कन मिशनरी आले. अंतोनियो दो पोर्तो या संन्याशाने या परिसरात चर्च उभारण्याचा सपाटा लावला. या कालखंडाला दोन बाजू आहेत. एका बाजूला शाळा, इस्पितळे आणि चर्च; दुसऱ्या बाजूला सत्तेच्या छायेत झालेली धर्मांतरे आणि मोडलेली देवळे. वसईच्या ख्रिस्ती समाजाला हा सगळाच वारसा घेऊन जगावे लागते.

८.
याच फ्रान्सिस्कन संघाचा ख्रिस्तभूमीशीही जवळचा संबंध आहे. संत फ्रान्सिस १२१९ साली, क्रुसेडचे युद्ध ऐन भरात असताना, इजिप्तच्या सुलतान अल-कामिलला निःशस्त्र जाऊन भेटले होते. १३४२ साली पोपने लॅटिन चर्चच्या वतीने पवित्र स्थळांची राखण फ्रान्सिस्कनांकडे सोपवली, आणि ती आजही त्यांच्याकडेच आहे. ज्या संघाने वसईत क्रूस रोवला, तोच संघ जेरुसलेममध्ये ख्रिस्ताच्या कबरीजवळ दिवा लावत होता.

९.
वसईचा पहिला संतही फ्रान्सिस्कनच. गोन्सालो गार्सिया यांचे वडील पोर्तुगीज आणि आई वसईची. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमधील नागासाकी येथे त्यांना सोबत्यांसह क्रुसावर चढवण्यात आले. १८६२ साली चर्चने त्यांना संत म्हणून घोषित केले. क्रुसावरील मरण वसईला शुभवर्तमानातून वाचून माहीत होते. आता आपल्याच मातीतला एक माणूस त्या मरणाला सामोरा गेला होता. गास येथील चर्च त्यांचे नाव धारण करते.

१०.
मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने वसईचा किल्ला घेतला. दोन शतकांची सत्ता संपली. वसईच्या चर्चमधील घंटा मराठा सरदारांनी विजयचिन्हे म्हणून नेल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरात आणि भीमाशंकरला त्या आजही दिसतात. सत्ता गेली, तरी शेतकरी आणि कोळी ख्रिस्ती आपापल्या गावीच राहिले. राजाश्रय संपल्यावरही धर्म टिकला, ही घटना वसईच्या श्रद्धेकडे पाहताना विसरता येत नाही.

११.
या सामान्य माणसांनी जेरुसलेम कधी पाहिले नव्हते. समुद्रमार्गे तेथे पोहोचण्याइतका पैसा किंवा सवड त्यांच्यापैकी कुणाकडे होती? म्हणून जेरुसलेम त्यांच्या गावी आले. ते आले ‘क्रुसाच्या वाटे’च्या रूपाने. पिलाताच्या न्यायासनापासून कबरीपर्यंतचे चौदा प्रसंग चर्चच्या भिंतीवर मांडायचे आणि एकेका चित्रासमोर थांबून प्रार्थना करायची, ही प्रथा फ्रान्सिस्कनांनी जगभर रुजवली. १७३१ साली पोप बारावे क्लेमेंट यांनी ही संख्या चौदा अशी निश्चित केली. ज्यांना जेरुसलेमच्या गल्ल्यांतून चालता येत नव्हते, त्यांच्यासाठी ती गावातली यात्रा होती.

१२.
इतर सणांचेही तसेच. ख्रिस्तजन्माचा गोठा मांडण्याची रीत १२२३ साली इटलीतील ग्रेच्चो गावी संत फ्रान्सिस यांच्यापासून लोकप्रिय झाली. वसईत त्या गोठ्यावर भाताचा पेंढा पसरला. झावळ्यांच्या रविवारी जेरुसलेमच्या खजुराच्या फांद्यांच्या जागी कोकणातल्या माडाच्या झावळ्या आल्या. पुढच्या वर्षी त्याच सुकलेल्या झावळ्यांची राख कपाळी लावून उपवासकाळ सुरू होतो. पॅलेस्टाईनची कथा वसईच्या माडाशी आणि भातशेतीशी अशी एकजीव झाली.

१३.
ही कथा मराठी भाषेतही उतरली. १५७९ साली गोव्यात आलेले इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनी ‘क्रिस्तपुराण’ रचले. १६१६ साली राचोल येथे ते रोमन लिपीत छापले गेले. दहा हजारांहून अधिक ओव्यांच्या या ग्रंथात आदाम, अब्राहाम, मोशे आणि येशू मराठी पुराणाच्या चालीने बोलतात. ज्ञानेश्वरांची आणि एकनाथांची ओवी जॉर्डन नदीच्या काठी जाऊन पोहोचली. त्या काळच्या पहिल्या आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. हस्तलिखितांनी ग्रंथ वाचवला.

१४.
पुढे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी श्रीरामपूर आणि मुंबई येथील मिशनऱ्यांनी नवा करार मराठीत आणला. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून मुक्ती मिशनमध्ये संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर केले. १९२२ साली त्यांचे निधन झाले, आणि ते बायबल त्यांच्या पश्चात १९२४ साली प्रकाशित झाले. प्रत्येक पिढीला हा ग्रंथ आपल्या काळाच्या मराठीत नव्याने हवा होता. याच परंपरेत नंदाखालच्या एका शेतकरी गावातला मुलगा पुढे उभा राहिला.

१५.
फ्रान्सिस दिब्रिटो यांचा जन्म नंदाखालचा. १९७२ साली त्यांनी कॅथलिक धर्मगुरुपदाची दीक्षा घेतली. समाजशास्त्र आणि धर्मशास्त्र हे त्यांच्या अभ्यासाचे विषय. १९८३ ते २००७ या काळात ते ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक होते. धर्मग्रामापुरते असणारे मासिक त्यांनी मराठी साहित्यविश्वाशी जोडले. त्यांच्या लेखनात शुभवर्तमानाशेजारी ज्ञानोबा आणि तुकोबा सहज येतात. मे १९९८ मध्ये वसई धर्मप्रांत मुंबईपासून स्वतंत्र झाला. मराठीत उपासना आणि मराठीत चिंतन करणाऱ्या या समाजाची ती एक खूण होती.

१६.
त्यांची दुसरी ओळख आंदोलनाची. १९८० च्या दशकाच्या अखेरीस वसईच्या शेतजमिनीवर बांधकाम व्यवसायाची नजर वळली. विहिरींचे पाणी टँकरने उपसून विकले जाऊ लागले, बावखले बुजवली जाऊ लागली, दहशतीचे वातावरण पसरले. तेव्हा हरित वसई संरक्षण समितीच्या लढ्यात फादर दिब्रिटो अग्रभागी होते. त्या लढ्यात हिंदू आणि ख्रिस्ती शेतकरी एकत्र होते. धर्मगुरूने मिस्सा सोडून रस्त्यावर का यावे, हा प्रश्न त्यांना अनेकांनी विचारला. माती आणि पाणी हे देवाचे देणे आहे, या श्रद्धेतून त्यांची कृती निघाली होती.

१७.
याच काळात त्यांचे बायबलच्या अनुवादाचे काम चालू होते. २०१० साली राजहंस प्रकाशनाने ‘सुबोध बायबल’ प्रसिद्ध केले. त्याला २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. येथे एक जुनी सावली दिसते. इ. स. ३८६ मध्ये संत जेरोम बेथलेहेमला जाऊन राहिले, आणि तेथेच त्यांनी बायबलच्या लॅटिन अनुवादाचे मोठे काम पार पाडले. अनुवादकाला शब्दामागची भूमी पाहावीशी वाटते. डोंगर किती उंच, विहीर किती खोल, वाट किती खडकाळ, हे पाहिल्यावर शब्दाचे वजन कळते.

१८.
ख्रिस्तभूमीवरील त्यांच्या ग्रंथाचे नाव आहे ‘संघर्षयात्रा ख्रिस्तभूमीची : इस्राएल आणि पॅलेस्टाईन, वेध इतिहासाचा आणि वर्तमानाचा’. हे शीर्षकच पुष्कळ सांगते. ‘तीर्थयात्रा’ या अपेक्षित शब्दाच्या जागी ‘संघर्षयात्रा’ आहे. एका देशाऐवजी दोन नावे आहेत, मधे ‘आणि’ आहे. इतिहासाला वर्तमान जोडलेले आहे. येशूच्या पाऊलखुणा शोधायला निघालेल्या धर्मगुरूने तेथे आज राहणाऱ्या माणसांकडे पाठ फिरवली नाही, हे शीर्षकातच नोंदलेले आहे.

१९.
ख्रिस्ती यात्रेची जुनी रीत वेगळी होती. इ. स. ३३३ मध्ये फ्रान्समधील बोर्दो येथून निघालेल्या एका अनामिक यात्रेकरूने मुक्कामांची आणि अंतरांची यादी लिहून ठेवली. ३८० च्या दशकात एजेरिया नावाची स्त्री पश्चिमेकडून सिनाय आणि जेरुसलेमपर्यंत आली. प्रत्येक स्थळी ती बायबलमधील तोच उतारा वाचून घेई. स्थळ आणि वचन यांची गाठ घालणे, हा तिच्या यात्रेचा गाभा. आजही वसईचा यात्रेकरू गालिली सरोवराच्या काठी हेच करतो. यात गोडवा आहे. यात एक धोकाही आहे : वचन आणि दगड यांच्यामध्ये उभा असलेला जिवंत माणूस दिसेनासा होतो.

२०.
आणि पवित्र स्थळे स्वतः तरी भांडणापासून मुक्त कुठे आहेत? बेथलेहेमच्या गुहेत येशूच्या जन्मस्थानी चौदा टोकांचा चांदीचा तारा जडवलेला आहे. १८४७ साली तो चोरीस गेला. कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स यांच्यातील तंटा पेटला, त्यामागे फ्रान्स आणि रशिया उभे राहिले, आणि हा तंटा १८५३ च्या क्रिमियन युद्धाच्या कारणांपैकी एक ठरला. १८५२ साली तुर्की सुलतानाने ‘जैसे थे’चे फर्मान काढले. कोणत्या पायरीवर कुणी झाडू मारायचा, हेही आज त्या व्यवस्थेने ठरते.

२१.
जेरुसलेमच्या पवित्र कबरीच्या मंदिरात सहा ख्रिस्ती पंथांचा वाटा आहे. दर्शनी भिंतीवरच्या खिडकीखाली एक लाकडी शिडी अठराव्या शतकापासून तशीच आहे, कारण ती हलवण्याचा अधिकार कुणाचा यावर एकमत नाही. मंदिराची किल्ली आणि दार उघडण्याचा मान मात्र शतकानुशतके दोन मुसलमान घराण्यांकडे आहे. ख्रिस्ती धर्माचे सर्वांत पवित्र दार रोज सकाळी एक मुसलमान उघडतो. ज्याला ही भूमी एकाच धर्माची मालमत्ता वाटते, त्याने हे दार एकदा पाहावे.

२२.
दाराबाहेरचे दुःख अधिक मोठे. १९४८ मध्ये इस्राएलची स्थापना झाली, आणि त्या युद्धात सुमारे ७ लाख पॅलेस्टिनी माणसे घराबाहेर फेकली गेली. त्याआधीच्या दशकात युरोपात ६० लाख ज्यूंची कत्तल झाली होती. एका समाजाचे घर मिळणे आणि दुसऱ्याचे घर जाणे एकाच भूमीत घडले. २००२ पासून इस्राएलने विभाजक भिंत बांधायला घेतली. जेरुसलेम ते बेथलेहेम हे अंतर दहा किलोमीटरांच्या आतले. ख्रिस्तजन्माच्या त्या वाटेवर आज तपासणी नाका आहे आणि काँक्रीटची उंच भिंत आहे.

२३.
या भूमीत ख्रिस्ती माणसेच किती उरली? १९२२ च्या जनगणनेत पॅलेस्टाईनमध्ये सुमारे ७३ हजार ख्रिस्ती होते, म्हणजे लोकसंख्येच्या जवळपास दहा टक्के. आज इस्राएलमध्ये त्यांचे प्रमाण सुमारे दोन टक्के आहे. पॅलेस्टिनी भागातही ते असेच थोडे राहिले आहेत. ही अरबी बोलणारी माणसे स्वतःला ‘जिवंत दगड’ म्हणवतात. यात्रेकरू दगडी मंदिरे पाहून जातात आणि शेजारच्या जिवंत मंदिराला विसरतात, ही त्यांची व्यथा त्या नावात आहे.

२४.
या भूमीत मराठीही ऐकू येते. अलिबागजवळच्या नवगावला जहाज फुटून आपले पूर्वज किनाऱ्याला लागले, अशी बेने इस्राएल समाजाची परंपरा सांगते. कोकणात ते तेलाचा घाणा चालवत आणि शनिवारी काम बंद ठेवत, म्हणून त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. १९४८ नंतर यांतले बहुसंख्य इस्राएलला गेले. बीरशेबा, दिमोना, अश्दोद, लोद येथे ते वसले. ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिकही त्यांनी तेथे चालवले.

२५.
त्यांचा अनुभव पुण्यभूमीच्या प्रश्नावर लख्ख प्रकाश टाकतो. हजारो वर्षे ज्या भूमीकडे तोंड करून प्रार्थना केली, तेथे पोहोचल्यावर १९६० च्या दशकात तेथील धर्मपीठाने विवाहाच्या संदर्भात त्यांच्या ज्यूपणावरच शंका घेतली. त्यांना आंदोलन करावे लागले. १९६४ साली ते सर्वार्थाने ज्यू असल्याचे मान्य झाले. पुण्यभूमीत राहायला गेलेल्यांनाही ‘तुम्ही आमचे का?’ हा प्रश्न चुकला नाही. आणि घरी परतलेल्या त्या माणसांनी पुरणपोळी, मराठी कीर्तन आणि कोकणची आठवण सोडली नाही. माणसाचे मन एका भूमीत बसवता येत नाही, हेच यातून दिसते.

२६.
पुण्यभूमीविषयी ख्रिस्ती परंपरा स्वतः काय म्हणते? चौथ्या शतकात न्यिसाचे बिशप ग्रेगरी जेरुसलेमला जाऊन आले. परतल्यावर त्यांनी एका पत्रात स्पष्ट लिहिले की जागा बदलल्याने देव जवळ येत नाही, आणि मन मलिन असेल तर कबरीपाशी उभे राहूनही माणूस दूरच असतो. बेथलेहेममध्येच राहणाऱ्या जेरोम यांनीही एका मित्राला कळवले की स्वर्गाचे दार जेरुसलेमहून जितके जवळ, तितकेच दूरच्या ब्रिटनहून. तीर्थी गेल्याने मनाचा मळ जात नाही, हे सांगणारे आपले संत यांना ओळखीचे वाटले असते.

२७.
याचे मूळ योहानाच्या शुभवर्तमानातील विहिरीकाठच्या प्रसंगात आहे. नाब्लुसजवळ याकोबाची विहीर आजही दाखवतात. तेथे थकलेला येशू एका शोमरोनी स्त्रीकडे पाणी मागतो. तिच्या आणि त्याच्या समाजात पाण्याचाही व्यवहार नव्हता. आपल्या डोंगरावर भजायचे की जेरुसलेमात, असे ती विचारते. येशू दोन्ही जागा बाजूला ठेवतो आणि खऱ्या भक्तीला आत्मा आणि सत्य यांचे ठिकाण देतो. जातीच्या पाणवठ्यांचा इतिहास असलेल्या महाराष्ट्रात हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही.

२८.
त्या पाण्याचेच पाहा. येशूचा बाप्तिस्मा झालेल्या जॉर्डन नदीच्या खालच्या प्रवाहातले ९० टक्क्यांहून अधिक पाणी आज धरणे आणि कालवे वळवून नेतात. मृत समुद्राची पातळी वर्षाला सुमारे एक मीटरने खाली जाते आहे. ज्या धर्मगुरूने वसईच्या विहिरी आटताना पाहिल्या, पाण्यासाठी मोर्चे काढले, त्याच्या गावाची आणि या नदीची व्यथा एकच आहे. नदी पवित्र मानली म्हणून ती वाचत नाही. तिच्या काठच्या माणसांनी न्यायाने वाटून घेतली तरच ती वाहते.

२९.
परतीच्या वाटेवर पुन्हा तो जुना वाद भेटला. २०१९ साली फादर दिब्रिटो यांची ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी निवड झाली. ख्रिस्ती धर्मगुरू या पदावर प्रथमच येत होता. काही गटांनी विरोध केला, धमक्याही आल्या. आजाराने शरीर थकलेले असतानाही जानेवारी २०२० मध्ये ते उस्मानाबादला, आजच्या धाराशिवला, गेले आणि त्यांनी अध्यक्षपद भूषवले. मराठी बोलणाऱ्या, मराठीत बायबल आणणाऱ्या माणसाला ‘तुम्ही आमचे का?’ हा प्रश्न येथेही विचारला गेला. बेने इस्राएलांना तिकडे विचारला होता तोच.

३०.
विरोध करणाऱ्यांची शंका एका वाक्यात अशी : ज्याचे तीर्थ परदेशी, त्याचे मन येथे कसे? वसईचा इतिहास तिला शांतपणे उत्तर देतो. तीर्थ परदेशी असूनही वसईने त्याला माडाची झावळी, भाताचा पेंढा आणि ओवी दिली. त्या भूमीची आस्था बाळगणाऱ्या धर्मगुरूने मोर्चा काढला तो नंदाखालच्या विहिरीसाठी. जेरुसलेमवर प्रेम करणे आणि वसईसाठी लढणे यांत त्याला विरोध दिसला नाही. सावरकरांच्या व्याख्येत या माणसासाठी जागा नव्हती. वसईत मात्र होती.

३१.
२५ जुलै २०२४ रोजी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे वसईत निधन झाले. नातेवाईक, शेतकरी, लेखक आणि सर्व धर्मांचे लोक त्यांना निरोप द्यायला जमले.

पुढच्या उपवासकाळात वसईच्या चर्चमध्ये पुन्हा क्रुसाची वाट चालली जाईल. चौदा चित्रे, चौदा थांबे. ज्यांनी जेरुसलेम पाहिले आहे ते, आणि ज्यांनी कधी वसईची खाडीही ओलांडली नाही ते, एकाच रांगेत गुडघे टेकतील. बेथलेहेमचे बुटके दार प्रत्येकाला वाकायला लावते. ते दार पाहून आलेला माणूस परतल्यावर शेजाऱ्यापुढे, विहिरीपुढे, परक्या म्हणवल्या गेलेल्या माणसापुढे वाकतो का, एवढ्यावर त्याच्या यात्रेचे मोल ठरते.